एकवीस आणि सात

दुपारी दीडला कुडचड्याचा बाजार शटर ओढतो,
मासळीवाल्या टोपल्या पालथ्या घालून पडतात,
त्याच वेळेला त्या येतात.
आधी बाम मागतात, मग खोकल्याचं काहीतरी,
मग निघते चिठ्ठी, चार घड्यांची,
घामाने मऊ झालेली.

मी नाव मोठ्याने वाचत नाही.
बोट ठेवते चिठ्ठीतल्या एकेका अक्षरावर,
मग पाकिटावरच्या एकेका अक्षरावर,
मग तारखेवर.
कागदात गुंडाळून सरकवत नाही. उघडते.
ही बघ, पांढरी एकवीस. ही तपकिरी सात.
तपकिरीत ते औषध नाही, नुसतं लोह,
पण टाकायची नाही, सवय मोडते.
बाणाच्या दिशेने चाल. रोज एकाच वेळी.

काजूच्या बागेत जाणारी शेवंती गावडे म्हणाली,
घड्याळ नवऱ्याच्या हातात असतं.
म्हटलं, सांजेला पोदेराचा भोंपू वाजला की घे.
आणि पोदेर नाही आला तर?
तर पाव राहू दे. गोळी घे.
हसली. पुढचा एक दात नव्हता तिला.

एक चुकली तर आठवताच घे.
दोन चुकल्या तर लपवू नको, इथे ये.
क्षयाच्या गोळ्या चालू आहेत का?
हे मी सगळ्यांनाच विचारते.
एकदा एकीने मान खाली घालून होय म्हटलं,
मी पाकीट परत घेतलं, डॉक्टरांना फोन लावला:
त्या गोळ्या या गोळ्यांचं बळ खातात.

डावा खण पाळणा लांबवणाऱ्यांचा.
उजवा, रक्त वाढवणाऱ्यांचा.
मधले तीन खण रिकामे.
नवी पोरगी विचारते, जागा का वाया घालवता?

नावात एका वेलांटीचा फरक होता.
खांडेपारकरबाब जेवायला गेले होते,
मी कामाला लागून दोन महिने झाले होते,
आवेलिनाची पहिलीच वेळ,
काय मिळायला हवं तिलाही ठाऊक नव्हतं.
चार महिने तिने नेमाने रक्त वाढवलं.

पाचव्या महिन्यात गेले तिच्या घरी.
ती अंगणात सोलां वाळत घालत होती, हात लाल.
सगळं सांगितलं, बिलाची प्रत दाखवली.
बाबांनी सांगू नको म्हटलं होतं.
तिने लाल हात पदराला न पुसता
प्रत धरली, वाचली, परत दिली.
तीन पोरं आहेत, एवढंच म्हणाली.
काय करायचं ते तिने ठरवलं,
मला विचारलं नाही.
मग दोन वर्षं सांग्याच्या फार्मसीत जायची,
बस बदलून.

चौथा, जोएल, आता सात वर्षांचा.
दुकानात येतो, आल्याची गोळी मागतो,
सुटे पैसे मोजून घेतो माझ्याकडून,
दोनदा.

परवा तीच आली, दीडला.
बाम मागितला नाही.
चिठ्ठी उलगडून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली,
वाच.

मी बोट ठेवलं पहिल्या अक्षरावर.
तिनेही ठेवलं, माझ्या बोटाशेजारी.
वेलांटीपाशी दोघी थांबलो.
बाहेर खनिजाचा ट्रक गेला,
काच थरथरली,
बोटं हलली नाहीत.