एक पट्टी खाली

नवतपाचा चौथा दिवस. सदरच्या शाळेचा हॉल,
आणि पियानोच्या पोटात पुन्हा उंदराचं घरटं:
सहामाहीच्या उत्तरपत्रिका, बारीक कुरतडलेल्या.
मी ते उपसत होते तेव्हा ती आली,
डोक्याला ओला पंचा, जखमेला बांधतात तसा.
ऐला कोर्पिनेन. फिनलंड. वय सत्तावन्न, तिनंच सांगितलं.
दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं,
म्हणून जमलं.

तिनं एक सूर दाबला, कान दिला.
"खाली आहे."
हो, म्हटलं, अख्खी एक पट्टी. वर नेता येणार नाही.
शंभर वर्षांचं लोखंड आहे, ताणलं तर तार तुटेल.
माझा बाप, एझ्रा लोंढे, अजनीच्या लोकोशेडातून सुटला की
रविवारी याच्याशी बोलत बसायचा.
सोसतं तेवढंच ओढायचं, एवढंच त्यानं शिकवलं.

वाटलं, आता चिडेल, संयोजकांना फोन लावेल.
ती बाकावर बसली आणि हसत सुटली.
"चार वर्षं झाली, माझी वरची काळी पाच गेली.
म्हणजे आहे. दाराशी उभी असते, आत येत नाही.
कुठल्या कंडक्टरला सांगू, एक पट्टी उतरा म्हणून?"
कंडक्टर म्हटल्यावर मला आधी बसचाच आठवला.

चावी फिरवता फिरवता ऐकत गेले.
आई कागदाच्या कारखान्यात, पाळीवर.
चर्चच्या वृंदात तिसरी रांग. हेलसिंकी. कर्ज.
मग जर्मनीतल्या एका लहान गावचं नाट्यगृह, आणि तिथं
दाया, मोलकरणी, चेटकिणी,
मिसरूड न फुटलेले राजपुत्र.
"मरायचं काम दुसरीकडे. मी दिवा धरून उभी.
तेराशे रात्री दिवा धरला."
चौदाव्या वर्षी पत्र आलं.
पंधरावं पुरं झालं की काढता येत नाही,
म्हणून चौदाव्या.

मी चावी खाली ठेवली.
माझं अकरा महिन्यांचं असतं, म्हटलं.
मे महिन्यात एक दिवस मी शिक्षिका नसते,
दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन. सतरा वर्षांची नवीन.
हे समजावायला तिला भाषा लागली नाही.

वर्गातल्या बाकीच्या?
एक अजून गाते, मोठ्या शहरांत, विमानात झोपते.
एक कोरसमध्ये, पेन्शनीची वाट बघत.
सिर्क्का, सगळ्यांत चांगली,
दातांच्या दवाखान्यात नावं पुकारते.
"पण पुकारते कशी! दाढदुखीची माणसं ताठ बसतात."

त्यांच्याकडे तळ्यातल्या किल्ल्यात ऑपेरा होतो,
जुलैत, आणि अंधार पडतच नाही म्हणे.
आमचाही आहे किल्ला, सीताबर्डीवर. फौजेचा.
वर्षातून तीनदा उघडतो,
गात कोणी नाही.

संध्याकाळी एक्केचाळीस माणसं. तीन कूलर,
तिन्ही वेगवेगळ्या सुरांत घुमणारे.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"काहून मॅडम," नत्थूजी कुजबुजले,
"लोकं उठून जातीन ना बाप्पा!"
मी खटका खाली ओढला
आणि त्यावर हात ठेवून तिथंच उभी राहिले.
सातजण गेले. एक साहेबही.

भाषा कुठली, कळली नाही.
हनुवटीवरून घाम टपकत होता, तिनं पुसला नाही.
आणि मग आली, वरची काळी पाच,
न अडखळता, चपला काढून घरात यावी तशी.
पियानोची काळी पाच.
जगाच्या हिशेबानं पांढरी सहा.
बापाचा ट्यूनिंग फोर्क माझ्या पर्समध्ये होता, एका शब्दानं खोटं न बोलणारा.
पर्सची चेन मी लावून घेतली.

रात्री ऑटोत तिनं विचारलं,
उद्या कुठला पियानो?
उद्या, म्हटलं, उद्या तर मी नसतेच.
तिनं ऑटो थांबवायला लावला,
लिबर्टीजवळ उसाचा रस, दोन ग्लास.
गळ्याला बर्फ नको, मी म्हणाले.
बर्फ घाल, ती रसवाल्याला म्हणाली, खुणेनं,
आणि पुन्हा, आणखी.