राखण

नवव्या वर्षी मला काम होतं:
सेलूच्या पुढे, दुधनेकाठच्या सव्वा एकर टाळकीत
माळ्यावर उभं राहायचं
आणि पाखरू दिसलं की ओरडायचं.
गोफणीत खडा, हाताशी पिचका डबा,
घशात एकच शब्द, त्याला शेपूट फार:
हाऽऽऽ हो.

साठाव्या वर्षी, कोषागारातून निवृत्त होऊन,
ग्रॅच्युइटीतली अर्धी रक्कम लेन्स करून गळ्यात घालून
मी कोस्टा रिकाच्या डोंगरात बसले, ढगाच्या आत,
पाखरू येईल म्हणून.
चार तास.
श्वाससुद्धा विचारून घ्यायचा.

लॉजवर फांदीला पपई कापून ठेवतात, केळी सोलून.
या, खा, जरा उजवीकडे वळा.
टूकन आला तेव्हा आधी त्याची चोच आली,
मग बऱ्याच वेळानं तो.
हिरवी, नारिंगी, टोकाला लाल,
पोळ्याच्या सकाळी उशीर झालेल्या घरात
बैलाची शिंगं रंगवतात, तशी.
मी दोनशे चाळीस फोटो काढले.
मग टॅनॅजर, मोटमोट,
मग गळ्यात जांभळा जाळ घेऊन हमिंगबर्ड,
वजन पाव तोळा. आईची नथ याहून जड होती.

एल्मेर, आमचा वाटाड्या, विचारतो, कुठून आलात?
परभणी, म्हटलं. तो मान डोलावतो,
जसं काही परभणी त्याच्या मामाचं गाव.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
हे सांगण्याइतकं स्पॅनिश मला येत नाही,
आणि खरं तर मराठीतही
त्याचा अर्थ कुणाला सांगता आलेला नाही.

मग क्वेट्झल आला.
रानटी अवोकाडोच्या झाडावर, वीस पावलांवर.
पोट लाल, पाठ हिरवी, आणि शेपूट
तो बसल्यानंतरही खाली उतरतच होतं.
एल्मेरनं ओठावर बोट ठेवलं.
कॅमेरा डोळ्याला, बोट बटणावर,
आणि एक्कावन्न वर्षांनी घशात
तो शब्द उभा राहिला.
हा...
गिळला. अख्खा. शेपटासकट.
पण हात हलला.

फोटोत आहे एक हिरवी ओढ, तिच्याखाली लाल डाग.
डिलीट करा, एल्मेर म्हणाला, उद्या तो येईल.
उद्या ढग आला.

पौषात हुरड्याला गेले तर
भावजय चौत्रा माळ्यावर एकटीच.
भवताली सगळ्यांनी हरभरा केलाय,
पाखरांना उतरायला हे एवढंच रान.
मी फोन पुढे केला.
तिनं पदरानं काच पुसली, टूकनकडे बघत राहिली.
"दाणा खातं का हे?"
नाही, फळं.
"मंग ठीक. इतकी चोच म्हणल्यावर
कणसाचं वाटोळंच केलं असतं की."
हिरव्या ओढीपाशी थांबली. "अन् हे काय?"
ते हललं, मी म्हटलं.
"पाखरू का तू?"

उत्तर द्यायच्या आत भोरड्या आल्या.
माझ्या पासपोर्टवर एकच शिक्का,
या दरसाल येतात, डोंगर-वाळवंटं ओलांडून,
काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या,
एवढ्या की मोजणारा आधी बसून घेईल.
मी लेन्सचं झाकण दातात धरलं.
"फोटू मागून काढ,"
चौत्रानं डबा माझ्या हातात कोंबला,
"काय बघायलीस? त्या अंगाला हाकल!"

ओरडले.
आवाज नऊ वर्षांचा नव्हता, मधेच फाटला,
बांधावरचं कुत्रं तेवढं दचकून उठलं.
पण डब्यानं काम केलं.
पूर्ण रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झालं
आणि उठलं.
कॅमेरा पोटावर आपटत होता,
दोन्ही हात गुंतलेले.

भोरड्या लांब गेल्या नाहीत.
पाणंदीकडच्या बाभळीवर बसल्या,
वाळक्या झाडाला एकदम बहर यावा तशा,
आणि तिथून बघत राहिल्या
आमची भाकरी सोडायची वेळ कधी होते ते.