लाटेची वेळ चार चाळीस

हिशेबाची वही माझ्याकडे.
पहिल्याच पानावर: एकूण रुपये नऊ हजार सहाशे.
त्यातले दोन हजार हिवराजच्या मामाने दिले,
आपला पोरगा नायक असेल या बोलीवर.
पोराला पोहता येत नाही.

समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिलेला नाही.
भाग्येशचा काका तेवढा पाहून आलाय,
रत्नागिरीला आंब्याच्या पेट्या ठोकायला गेला होता तेव्हा.
कसा असतो, विचारलं,
तर विडी संपेपर्यंत गप्प बसला, मग म्हणाला,
"थांबत नाई बापा. राती बी नाई."
मी ते ध्वनीच्या रकान्यात लिहून घेतलं.

जागा: खैरीची बोडी, साकोलीहून एकवीस किलोमीटर.
पाळीवरचे तीन मोह फ्रेममध्ये नकोत.
शिंगाड्याचे वेल नकोत, विजेचा खांब नको,
पलीकडच्या बांधीतलं धानाचं पुंजणं नको.
हे सगळं वगळून उरतं हातभर पाणी.
हिवराज म्हणतो, हातभर पुरे.

फळी शाळेच्या जुन्या दाराची.
सुताराने टोक वळवून दिलं, खाली थर्माकोल डकवला,
वरून निळा ऑइलपेंट.
कडीचं भोक काही केल्या बुजलं नाही.
"याच्यावर का करतेत?"
उभं राहतात, काका. पाण्यावर.
"काहून?"
पटकथा बावीस पानांची आहे,
त्यात हे कुठेच नाही.

आणि लाट.
ताडपत्री हलवून पाहिली चौघांनी, दगड टाकले,
डिझेल पंपाचा पाइप पाण्यात सोडला
(तीनशे चाळीस रुपये, पावती नाही).
बोडी नुसती शहारायची आणि पुन्हा झोपायची.
शेवटी झिंगरू मारबते डोंग्यातूनच ओरडला,
"चार चाळीसले येजा, पोट्टेहो.
इसनच्या म्हशी पान्यात उतरतेत."

गेलो.
तेवीस म्हशी पाळीवरून एकदम खाली आल्या,
आणि पाणी उठलं.
खरंच उठलं, काठाकडे निघालं,
वाटेत एक बदक त्याने उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.
हिवराज चिखलातच बसला.
"गुडघ्याएवढी," म्हणाला,
नुकतं उभं राहिलेल्या लेकराबद्दल बोलावं तसं.

तेव्हाच मी पाहिलं:
झिंगरूची नात, दुर्पता, डोंग्यावर उभी,
हातात बांबू, ओच्यात शिंगाडे.
लाट तिच्या पायांखालून गेली.
तिने वळूनही पाहिलं नाही,
फक्त डावी टाच जराशी दाबली
आणि तोंडातलं शिंगाड्याचं साल थुंकली.
आमच्यात कुणी काही बोललं नाही.
मामाचे दोन हजार खर्च होऊन गेलेत.
वहीत मी दुर्पताचं नाव लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह,
मग मानधनाच्या रकान्यात पेन्सिलने पन्नास,
मग खोडून दोनशे.

उद्याची यादी:
इसनला सांगणे, म्हशी आधी सोडू नको.
नायकाला अर्धी चड्डी, बाहेर आल्या आल्या घोंगडी.
तोंडात बर्फाचा खडा, वाफ दिसू नये म्हणून;
पौषात उन्हाळा दाखवायचा आहे.
मीठ दोन किलो.

मीठ माझी कल्पना.
समुद्रातून आलेल्या माणसाच्या केसांत ते वाळलेलं असतं, म्हणे,
आणि फळीवरही.
किराण्यातून आणलं, कोमट पाण्यात विरघळवलं,
संध्याकाळी फळीला दोन हात दिले,
शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली.

रात्री खरखर ऐकू आली म्हणून टॉर्च मारला.
चौकीदाराच्या दोन शेळ्या
फळी चाटत होत्या, मन लावून,
टोकापासून कडीच्या भोकापर्यंत.
हाकलायला मी हात उचलला.
मग रेकॉर्डर सुरू केला,
जवळ नेला.
डोळे मिटून ऐकलं तर
कुणीतरी काठाशी येतं, मागे जातं,
पुन्हा येतं.
थांबत नाही.