विषय : नोंदीतील दुरुस्ती

भिलारेकाका बोपोडीहून चालत येतात,
डावा पाय टाकताना जणू त्याला विचारून.
खडकी बाजारात माझं टायपिंगचं दुकान,
झेरॉक्स दोन रुपये, लॅमिनेशन वीस.
त्यांच्याकडून मी घेत नाही.
ते मोजून ठेवतात.

हा सातवा अर्ज.
विनंती लिहू नको, म्हणतात, दुरुस्ती लिही.
मी दोन्ही लिहिते, 'दुरुस्ती होणेस विनंती'.
ते चष्मा पुसून वाचतात, बोलत नाहीत.

चूक म्हणाल तर एवढीशी :
इंग्रजी तीनचं पोट कुणीतरी मिटवलं,
आठ झाला.
आणि त्या आठावर खरोखरच एक माणूस होता.
हे दगडू सावळा, तो दगडू सावळाराम,
दोघंही भिलारे, दोघंही जावळीकडचे,
लंगरच्या रांगेत एकामागे एक.
एकाहत्तरच्या डिसेंबरात
एक शकरगडच्या बाजूला पोटावर पडून
सळईनं माती टोचत होता, सुरुंग लागतो का बघत,
दुसरा इथं, मिलिटरी हॉस्पिटलात, गालगुंडानं.
कागदावर सुरुंग त्याला गेले
आणि ह्यांना गालगुंड.

'नऊ ते एकवीस डिसेंबर,' काका म्हणतात
आणि हात नकळत गालाकडे जातो,
इतक्या वर्षांनी सूज असेल की काय.

मग पिशवीतून एक्स-रे.
ट्यूबलाइटसमोर धरला की
नडगीत दिसतात कण तीन, तांदळाएवढे.
पश्चिमी स्टार नाही, जखमेचं पदक नाही,
'पण हे आहे ना?
हे गालगुंडात येतं का?'
एक्स-रेची झेरॉक्स काळी येते.
नुसती काळी.
तरी जोडायला लावतात. सोबत : एक.

ऑफिसनं साक्षीदार मागितला होता.
होता एक, गुरमेल, होशियारपूरचा.
'पाठीवर घेऊन आलो त्याला.
अर्ध्या वाटेत जड झाला.'
पुढं बराच वेळ काही नाही, फक्त पंखा.
'मी खडकीत होतो म्हणतात,
तर त्याला कोणी आणलं, ते विचार.'
ते झालं परिच्छेद तीन.

सहाव्या अर्जाला उत्तर आलं :
सदर पदके अन्य जवानास प्रदान झाली असून
ती परत मागविल्याविना पुढील कार्यवाही शक्य नाही.

काका एसटीनं मेढ्याला गेले, तिथून वर, पायी.
सावळाराम वारलेला. बायको होती.
फोटोच्या चौकटीला पदक टांगलेलं,
दर दसऱ्याला ती चिंचेनं घासते.
'लढाईचं कधी बोलले नाहीत हो,' ती म्हणाली.
'विचारलं की उठून गोठ्यात जायचे.
लई अबोल माणूस.'
काकांनी बशीतला चहा संपवला.
म्हणाले, 'असतात काहीजण.'

हे त्यांनी मला आज सांगितलं, उभ्यानं,
आणि म्हणाले, परिच्छेद पाच खोड.
पाचमध्येच तर पदकं होती.
'मग मागायचं काय, काका?'
'गालगुंड काढा म्हणावं.'
'आणि त्या जागी?'
'रिकामं ठेवा.'
दारापर्यंत गेले, परत आले.
'तीन नंबरचं राहू दे. गुरमेलचं.'

मी परत टाइप केलं. प्रिंट काढली.
काळा कागद टाचला.
पत्ता मी घातला, नंबर मात्र त्यांनी स्वतः,
माझ्या पेनानं, पाकिटाच्या कोपऱ्यात,
इंग्रजी तीन दोनदा गिरवून,
पोट उघडं.