ती दीर्घ

वडगावात विणकर गल्लीच्या तोंडाला वाचनालय आहे.
दोन बाकं, एक बंद घड्याळ, दाराशी फळा.
फळ्यावर रोज कुणीतरी जन्मतं,
कुणीतरी मरतं.

तवनप्पा लिहायचा, मी पुसायची.
मी नऊ वर्षांची. आई पलीकडच्या खोलीत कांड्या भरायची.
त्याचा हात वर पोचायचा, खरं कंबर वाकायची नाही.
माझा हात खालीच.
असा आम्ही दोघांनी मिळून इतिहास पुसला,
वरचा अर्धा त्यानं, खालचा मी.

एकदा लिहिलं होतं, आज पहिलं विमान उडालं, बारा सेकंद.
बारा सेकंद म्हणजे किती, तवनप्पा?
मागांच्या खटखटाटात तो ओरडून म्हणाला,
एक कांडी संपून दुसरी लागंपर्यंत.
तेवढ्यात उडून खाली पण आलं?
आलं की.

घरात कन्नड बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी,
बस्तीत हात जोडून प्राकृत.
शिव्या मात्र हिंदीत, त्या घरच्या कुणाला लागू नयेत म्हणून.
डिसेंबर सरताना लिहायचा, या गावात देशाची सभा भरली होती,
आणि तोंडी जोडायचा, त्या मांडवाची कनात
माझ्या आज्ज्याच्या मागावरची.
गल्लीतले निम्मे मान हलवायचे, निम्मे हसायचे.
कनात कुणीच बघितली नव्हती.

ऑक्टोबरात कित्तूरच्या राणीचं नाव
मराठीत, मोठ्या अक्षरात.
सतरा जानेवारीला हुतात्म्यांची नावं. फक्त नावं.
मग घरी जाऊन आईला कन्नडात सांगायचा
त्यातला कोण कुणाचा मुलगा.
ती ऐकायची आणि चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढायची.

एक नोव्हेंबरला एका रस्त्यानं काळ्या फिती यायच्या,
दुसऱ्यानं तांबडे-पिवळे झेंडे, कर्णे, फटाके.
त्या दिवशी फळ्यावर एवढंच:
आज नळाला पाणी साडेसातला.
दोन्ही बाजूंनी ते वाचलं.
सव्वासातला घागरींची रांग लागली,
आणि भांडण झालं ते नंबरावरून.

त्याचा स्वतःचा वाढदिवस एक जून.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेला.
गल्लीत सतरा जणांचा तोच.
खरा कधी, विचारलं तर म्हणायचा,
आई सांगते, ज्या साली चिंचेवर वीज पडली.
चिंच नाही आता. आईही नाही.

पाचवीत मी त्याची चूक काढली.
पुण्यतिथी. ति ऱ्हस्व. तू रोज दीर्घ काढतोस.
मास्तर आम्हाला तांबड्या शाईनं दहादा लिहायला लावतात.
त्यानं खडू कानामागं अडकवला, फळ्याकडं बघितलं.
असू दे गं, म्हणाला.
गेलेला माणूस जरा लांबच असतो.

तो गेला त्या सकाळचा फळा त्यानं आदल्या रात्रीच लिहून ठेवलेला.
कुठल्या तरी परदेशी शास्त्रज्ञाची जयंती.
मी पुसला नाही.
अकरा दिवस गावात तीच तारीख राहिली.
पेन्शनवाले पाटील कुरकुरले, बँकेला गेलेला एक जण परत आला,
शेवटी सचिव म्हणाले, बाई, आता पुरे.
ओलं फडकं फिरवलं, वरपर्यंत.
आता माझा हात पोचतो.
फळा वाळला तशी अक्षरं पुन्हा उठली, फिकट,
जशी नेहमीच उठतात. त्यात काही विशेष नाही.
हलका फळा आहे.

परवा वर्ष झालं.
पंचांग बघितलं, दोन राजे, एक गायक, एक तह.
त्यांना बाजूला सरकवून मधे लिहिलं:
तवनप्पा भरमाप्पा बस्तवाडे, कांडीवाले, पुण्यतीथी.

इम्तियाजचं पोरगं सायकलवर, एक पाय कट्ट्याला लावून वाचत होतं.
मावशी, ती चुकलीय.
मी खडू कानामागं अडकवला.
त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग म्हणालं,
आणि पाणी कधी येणार, ते नाही लिहिलं?