सत्तावीस अंश

रुळाला घाम येत नाही.
तो नुसता लांबतो,
आणि लांबायला जागा नसली
की मनात ठेवतो.

हे हेडली थर्लोनं मला सांगितलं
मी नोकरीला लागले त्या आठवड्यात,
फेनलंडच्या काळ्या, सपाट मातीतून चालताना,
जिथे नदी शेताहून उंचावरून वाहते
आणि डोंगर म्हणून जे काही आहे ते ढगांचं.

सत्तावीसचंही त्यानंच सांगितलं.
रूळ ताणून, जखडून अशा बेतानं बसवतात
की सत्तावीस अंशांना तो ओढत नाही, रेटतही नाही.
थंडीत आखडेल, उन्हात कुरकुरेल,
पण सत्तावीसला, जेवून उठलेल्या माणसासारखा, स्वस्थ.
"सत्तावीसच का?"
"इथला उन्हाळा ज्यांना ठाऊक होता, त्यांनी ठरवलं."
होता, म्हणाला तो.
मी तेव्हा फक्त आकडा लिहून घेतला.

आज दुपारी तीन वाजता
लोखंडाला चिकटवलेला तापमापक छप्पन्न दाखवतो.
आम्ही चौघं रुळांना पांढरा रंग फासतोय,
घरच्या भिंतीला लावतात तसा, रोलरनं.
पाच-सात अंश उतरतात म्हणे.
मार्शम ड्रोव्हजवळ रूळ हातभर सरकलाय,
गवतात साप वळावा इतक्या सहज,
आणि त्याच्या अलीकडे उभी आहे
चार डब्यांची गाडी, खिडक्या न उघडणारी.

एक गृहस्थ दारातून ओरडतात,
"दुसऱ्या देशांत पंचेचाळीस असतं! तिथे धावतात की गाड्या!"
धावतात, साहेब.
तिथला रूळ तिथल्या उन्हाशी बोलून बसवलेला असतो.
आमचाही चढ्या आकड्याला बसवता येईल;
मग जानेवारीत एका पहाटे
तो काचेसारखा तडकेल,
आणि तुम्ही याच दारातून
बर्फाबद्दल ओरडाल.
(हे मी बोलले नाही. त्यांना पाण्याची बाटली दिली.)

प्रत्येक बांधकामात एक हवामान ओतलेलं असतं.
सिमेंट, खडी, लोखंड यांच्या बरोबरीनं
कुणा कारकुनाच्या वहीतला पाऊस,
कुणाच्या तरुणपणीचा उन्हाळा.
ते हवामान केव्हाच निघून गेलं,
त्याच्या मापाचा पूल तेवढा उभा आहे.
भरावाखालची ती विटांची मोरीच घ्या:
बांधणाऱ्यानं चांगली बांधली, एक वीट हललेली नाही.
पाणीच तिच्यात मावत नाही.
तक्त्यात लिहिलंय, असा पूर शंभर वर्षांतून एकदा.
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे,
तिनं तीन पाहिलेत.

नवी मोरी मागून नऊ वर्षं झाली.
उत्तरं येतात, सभ्य भाषेत.
दरम्यान काचेचं छत आलं मोठ्या स्थानकाला,
फीत कापली, वाद्यवृंद होता.
मोरीतला गाळ उपसला म्हणून
कुणी फीत कापल्याचं मी तरी ऐकलं नाही.
पूर्वी गाळ उपसायला सहा माणसं असायची.
आता इमेल्डा स्कील्स आहे, मंगळवारी आणि गुरुवारी.

आणि माती. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.
ही दलदलीची माती वाळली की आक्रसते,
भराव एका कुशीवर कलंडतो,
मग पाऊस पडतो त्या भेगांत.
ऊन नि पाणी आळीपाळीनं येतात,
आणि आम्ही प्रत्येकासाठी वेगळा अर्ज भरतो.

साडेआठला हवा निवते.
रूळ टिकटिक आवाज करत मागे सरकू लागतो,
सगळा नाही.
हेडली असता तर बूट काढून
तळव्यानं अंदाज घेतला असता.
मी हात ठेवते. अजून भाजतं.

अहवालात रकाना आहे: 'कारण'.
मी 'ऊन' लिहिते.
ते वाचून असं वाटतं की
उन्हानं काहीतरी मोडलं, आणि आमचं काही चुकलं नाही.
खोडते.
इमेल्डा गाडीत वाट बघतेय, हॉर्न वाजवते.
रकाना दोन बोटं रुंद आहे.
नखांतला पांढरा रंग कागदाला लागतो,
आणि उद्याचा अंदाज
आजच्याहून दोन अंशांनी जास्त.