बुचं

छत आणलंच नव्हतं.
ते घरी गोठ्यात खुंटीखाली पडलेलं,
त्याच्या घडीत मांजर व्यालेली. फिदेन्सिओकाका म्हणाला,
राहू दे. जून आहे.
इथं जूनमध्ये थुंकीसुद्धा जमिनीला टेकत नाही.

ताओसच्या इस्पितळातून निघालो तेव्हा
आभाळ घासलेल्या ताटासारखं.
चढ संपेपर्यंत त्याची एक कड काळी पडली,
मग अर्धं ताट.
आधी वास आला, ओल्या सेजच्या झुडपांचा.
काकानं घोड्यासारखं नाक वर केलं.
काटा पंचेचाळीसच्या खाली येऊ देऊ नकोस, इमेल्दा.
काच पाऊस उचलून मागं फेकते.
थांबलीस की भिजलीस.

खरंच तसं झालं.
पिन्योनच्या दाण्यांएवढे थेंब
आमच्या डोक्यांवरून गेले
आणि मागच्या सीटवर कोसळले:
बियाण्याच्या बटाट्यांचं पोतं, एक नवं फावडं.
पुढं दोन माणसांपुरती कोरडी जागा,
नुसत्या वेगावर उभी.

पाकीट माझ्या मांडीखाली.
डॉक्टरीणबाईंनी काकाला सांगितलं, हळू, मोठ्यानं,
त्यानं हसून मान डोलावली.
मग दारात मला थांबवून उरलेलं सांगितलं.
ते मी मनात आमच्या स्पॅनिशमध्ये जुळवत होते;
दर वळणाला एक शब्द गाडीबाहेर पडे.

आणि एका वळणापलीकडे मेंढ्या.
रस्ताभर. लोकर भिजून धुरकट.
आर्चुलेतांचा पोरगा, डोक्यावर खताची रिकामी गोणी,
हात वर करून: माफ करा, यांना घाई नाही.

ब्रेक दाबला.
पाऊस आमच्यावर मांड ठोकून बसला.

काकानं कानातली यंत्रं काढली,
एकेक, शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसून
तंबाखूच्या डबीत ठेवली,
डबी टोपीत, टोपी डोक्यावर.
आता काही सांगू नकोस, म्हणाला,
ऐकू यायचं नाही.

मग मी सांगितलं.
मेंढ्यांकडे बघत. सगळं.
नाताळ हा शब्द दोनदा,
कारण पहिल्यांदा गडगडलं.
तोंडात पाणी जात होतं.
इतकं सोपं मला कधी काही बोलता आलं नव्हतं,
आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

काका पायांकडे बघत होता.
पाणी घोट्याला लागलेलं, गढूळ,
त्यात इस्पितळाची पावती तरंगत होती.
चाळीस वर्षं गावाचा पाटकरी तो.
कुणाच्या वाफ्यात किती वेळ, कुणाची फळी कधी पाडायची,
भावाभावांतली भांडणं त्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून ऐकली.

बुचं काढ, म्हणाला.
काय?
(ऐकू येत नाही हे विसरून.)
चटईखाली. तुझ्या बाजूचं तू, माझं मी.
साठवून कुणाला द्यायचंय?

रबरी बूच नखांनी निघेना.
त्यानं चाकू पुढं केला, मूठ माझ्याकडे करून.
निघालं तेव्हा म्हाताऱ्यानं सूपचा शेवटचा घोट ओढावा
तसा आवाज झाला.
पावती भोकापाशी जाऊन चिकटली.
सोडवली नाही.

शेवटची मेंढी लंगडी होती.
पोरगा तिच्यासाठी थांबला. आम्हीही.

मग पुन्हा पंचेचाळीस,
पुन्हा पाऊस डोक्यावरून,
आम्हाला आता त्याचं काय.
तरी काकाचं बोट काट्याकडे: अजून थोडी.

पाटाच्या पुलाशी त्यानं डबी उघडली.
यंत्रं कोरडी. कानात बसवत म्हणाला,
मघाशी काय सांगत होतीस?

मेंढ्या फार होत्या, म्हटलं.

दोनशे अकरा, म्हणाला. मोजल्या मी.
आणि मागं वळून पोत्यात हात घातला,
एक बटाटा अंगठ्यानं दाबून पाहिला.
हे भिजलेत. आजच लावून टाकू.